पोटभर रडणं

भाजे, ४ ऑगस्ट
फॉर्म क्र. १ च्या मागच्या कोऱ्या बाजूला

अनुष्का मॅडम,

नमस्कार. पुढच्या बाजूला तुमच्या शांतांकुर संस्थेचा फॉर्म आहे. तो भरायचा राहिला असं न्हाई, मी भरला न्हाई. तुमी तिकिटं लावलेली बारा पाकिटं दिलीत, ती वाया कशाला घालवायची म्हणून पत्र लिहिते. ग्रुपवर लिहिलं असतं, पण तितं आमच्या पर्यवेक्षिका बाई आहेत, तुमच्या वरच्या रजनी मॅडम आहेत, आन् मी काही लिहिलं की सत्तावीस सेविका नुसतं हात जोडलेलं चित्र टाकतात. शाळेत शिकवलं तसं लिहायला गेले की दोन ओळींत दमते, म्हणून बोलते तसं लिहिते.

अकरा वर्षं झाली ही अंगणवाडी चालवते. लोणावळ्याच्या गार हॉलात दोन दिवस तुमी आमाला श्वासावर लक्ष ठेवायला शिकवलं, ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फॉर्मात विचारलंय, कुठलं मूल किती मिनिटं शांत बसलं. मॅडम, आमच्याकडं मूल शांत बसलं की आमी आधी कपाळाला हात लावून ताप बघतो.

माझं तुमच्याकडं एकच काम आहे. चैताली म्हणून पोरगी आहे, साडेचार वर्षांची. रडायला लागली की तोंड उघडं राहतं, आवाज निघत न्हाई, श्वास तितंच थांबतो. ओठ निळे पडतात, मग अंग सैल. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर येते, पण ते अर्धं मिनिट तुमी कधी बघा. आई स्नेहल खंडाळ्याला बंगल्यावर कामाला. शनिवार-रविवार पाहुणे, म्हणून ती घरी येते बुधवारी. बाप संदेश उर्श्याच्या टोलनाक्यावर, पाळी असेल तसा. पोर सांभाळते आजी, नंदाबाई.

तळेगावच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, फिट न्हाई, रक्त कमी आहे, लोहाचं औषध द्या, वाढत्या वयात थांबेल, तुमी घाबरू नका. नंदाबाई म्हणते, "औषद दिलं त्येंनी. न घाबरायचं कुटं मिळतं त्ये न्हाई सांगितलं."

म्हणून ती पोरीला रडूच देत न्हाई. मोबाईल म्हणली मोबाईल, चॉकलेट म्हणली चॉकलेट. आन् हे घराबाहेर बोलायचं न्हाई असं ठरलंय. लोक फेफरं म्हणतील, पोरीला जन्माचं चिकटेल. मला ठाऊक, कारण दोनदा माझ्यासमोर झालं.

तुमच्याकडं न घाबरायचं काही असेल तर कळवा. नसेल तर फॉर्म पाठवू नका.

राजेश्वरी


लोणावळा, ११ ऑगस्ट

राजेश्वरीताई,

मॅडम नको, प्लीज. मी चोवीस वर्षांची आहे, तळेगावात अजून आई मला हाका मारून उठवते. आणि ही माझी पहिली नोकरी आहे.

तुमचं पत्र मी ऑफिसमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. रजनी मॅडम म्हणाल्या, अशी माणसं मिळाली पाहिजेत आपल्याला. फॉर्मचं मी बघते, तुम्ही पत्रंच लिहा.

चैतालीसाठी आपल्या पुस्तकातल्या पान चौदावरचा ‘पोटावरचं फूल’ हा सराव करून बघा. मुलांना सतरंजीवर ओळीत उताणं झोपवायचं. हात बाजूला सैल, डोळे मिटलेले, प्रत्येकाच्या पोटावर एक फूल. श्वास घेतला की फूल वर, सोडला की खाली. झेंडू चालेल, तो घरंगळत नाही. आधी मुलांना जमू दे, मग आज्यांना बोलवा. औषध मात्र अजिबात थांबवायचं नाही.

सहा आठवड्यांत फरक दिसेल असं मला अगदी मनापासून वाटतं. चैतालीबद्दल अजून लिहा ना.

अनुष्का


भाजे, २१ ऑगस्ट
फॉर्म क्र. २ च्या मागं

अनुष्काताई,

तुमचं पान चौदा गावभर झालं.

आमची खोली एकच. एका बाजूला पोषण आहाराची पोती आन् वजनकाटा, दुसरीकडं गळतं. उरलेल्या जागेत सतरंजी एकाच बाजूनं बसते. अकरा पोरं आलती. ओळीत झोपवली, डोळे मिटवले, पोटावर झेंडू ठेवला. चैतालीनं डोळा किलकिला करून फुलाकडं बघितलं, फूल हललं, तिला हसू आलं, तर फूल अजून हललं. बारा श्वास मी मोजले. खोलीत नुसता पत्र्यावरचा पाऊस.

तेवढ्यात नंदाबाई नातीला न्यायला आली. दारातनं तिला काय दिसलं ते सांगते. अकरा लेकरं उताणी, डोळे मिटलेली, अंगावर झेंडू, आन् सगळ्यांचे पाय दक्षिणेला. दक्षिणेला पाय करून आमच्यात कुणाला ठेवतात ते तळेगावकरणीला सांगायला नको.

तिनं जो हंबरडा फोडला, तो लेण्यांच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. चैताली दचकून उठली, रडायला तोंड उघडलं आन् थांबली. ओठ निळे. नंदाबाईनं पाणी मारलं, कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाला लावली. जे चार वर्षं झाकलं ते पंधरा माणसांनी बघितलं. पोर शुद्धीवर आली तर वर ही सगळी तोंडं. नंदाबाई मला म्हणली, "जित्या पोरीला फुलं वाहिलीस व्हय गं? तुजं काय खाल्लं हुतं आमी?"

मला कळायला पाहिजे होतं, याच गावात जन्मले मी. पण त्या दिवशी मी पान चौदा बघत होते, पोरांकडं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सात पोरं आली. आज पाच. भिमाजी आबा, नंदाबाईचे मोठे दीर, येऊन सांगून गेले की हे थेर बंद कर, न्हाईतर वर अर्ज जाईल. नंदाबाई चैतालीला पाठवत न्हाई. म्हणते, पोरगी घरीच राहील, आन् स्नेहलनं नोकरी सोडून यावं. तसं झालं तर चैताली शाळेचं तोंड बघणार न्हाई, आन् स्नेहल परत उंबऱ्याबाहेर पडणार न्हाई. माझ्या एका सतरंजीपायी.

तरी मी बंद करणार न्हाई. सतरंजी फिरवून एक टोक पोत्यांवर चढवलं आन् पाय पूर्वेला केलेत. ते बारा श्वास मी बघितलेत, ते कुणाचा अर्ज आला म्हणून झाले न्हाईत असं होत न्हाई.

राजेश्वरी


लोणावळा, २६ ऑगस्ट

राजेश्वरीताई,

चूक माझी आहे. ते पुस्तक परक्या देशातल्या पुस्तकावरून केलंय, आणि पान चौदा मी स्वतः मराठीत लिहिलंय. तिथल्या चित्रात मुलांचे पाय कुठे होते ते बघायचं माझ्या मनातही आलं नाही. माझी आजी असती तर तिनेही असाच हंबरडा फोडला असता.

रजनी मॅडम म्हणतात की भाजे सोडून देऊ, दुसरं गाव घेऊ. मला वाटतं तुम्हीही थोडे दिवस थांबावं. तुमच्या नोकरीवर यायला नको.

अजून एक लहानशी गोष्ट सांगायची आहे. पुढच्या पत्रात सांगते.

अनुष्का


भाजे, ११ सप्टेंबर
फॉर्म क्र. ३, ४ आन् ५ च्या मागं

अनुष्काताई,

दुसरं गाव घ्या, तिसरं घ्या. मी हितंच आहे.

मी रोज दुपारी अंगणवाडी सुटली की नंदाबाईच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. माफी एकदा मागितली, परत परत न्हाई. पहिले दोन दिवस तिनं पाणीसुद्धा विचारलं न्हाई. तिसऱ्या दिवशी वालाच्या शेंगा पुढ्यात टाकल्या, म्हणली, बसलीयेस तर निवड. चौथ्या दिवशी चैतालीच्या हातातनं मोबाईल पडला, बंद झाला, आन् तिचा श्वास परत तसाच थांबला.

या वेळी मी पोरीकडं न्हाई, म्हातारीकडं बघितलं. ताई, पोरीनं श्वास धरला की नंदाबाई पण धरते. तोंड उघडं, छाती वर, डोळे पोरीवर. पोर श्वास घेते तेव्हाच ती घेते. चार वर्षं दोघी एकदम बुडतायत. आन् आपण निघालो पोरीला शिकवायला.

पण पासष्ट वर्षांच्या बाईला श्वास घ्या म्हणून कोण सांगणार? मग मला तिची फुंकणी दिसली. गॅस आहे घरात, पण अंघोळीचं पाणी मागच्या चुलीवरच तापतं. पन्नास वर्षं ती बाई नळीतनं फुंकर घालतेय. जोरात घातली तर राख डोळ्यात, हळू घातली तर निखारा मरतो. मी म्हणलं, मावशी, पुढच्या खेपेला पाणी न्हाई, कांदा न्हाई. पोरीला कुशीवर वळवायची, कुणाला जवळ येऊ द्यायचं न्हाई, आन् निखारा फुलवता तशी लांब, सावकाश फुंकर घालायची. पोरीवर न्हाई, आपली आपण. पाच वेळा.

ती म्हणली, "सरकार आता चूल फुकायचा बी पगार देतंया का?"

मी म्हणलं, तुमाला न्हाई, मला देतं.

गेल्या शुक्रवारी झालं परत. मी न्हवते, तिनंच सांगितलं. कुशीवर वळवली, दार लोटलं, फुंकर घातली. चौथ्या फुंकरीला पोरीनं श्वास घेतला. तसाही घेतलाच असता, डॉक्टर म्हणालेच होते, आन् औषधानं रक्त पण वाढलंय. पण या वेळी पोर जागी झाली तर अंग कोरडं होतं, भोवती गर्दी न्हवती, आन् आजी रडत न्हवती. नंदाबाई मला म्हणली, "मला वाटायचं, म्या श्वास घेतला तर तिचा जाईल."

सोमवारी तिनं चैतालीला अंगणवाडीत आणली. अट एकच, ती स्वतः दारात बसणार. बसली तर बसली, शेजारच्या विठाबाईला पण घेऊन आली. आता पाच आज्या येतात, फुंकण्या घेऊन. भिमाजी आबा लांबनं बघतात आन् खाकरतात.

हे सगळं मी आनंदानं लिहिणार होते. पण काल बुधवारी स्नेहल आली. बंगल्यावरच्या एका पाहुणीनं चहा घेता घेता तिला फोन दाखवला, बघ, तुमच्या भाज्याची गोष्ट. शांतांकुर संस्थेनं टाकलेली. वर चैतालीचा फोटो, मी ग्रुपवर टाकलेल्या हजेरीच्या फोटोतनं कापलेला. खाली तिचं नाव, गावाचं नाव, ‘रडता रडता निळी पडणारी चैताली आता हसते’. स्नेहलनं ट्रे खाली ठेवला आन् बाथरूममध्ये जाऊन नवऱ्याला फोन केला.

तुमी केलं का हे? एका शब्दात सांगा.

राजेश्वरी


लोणावळा, १५ सप्टेंबर

राजेश्वरीताई,

हो.

मी लिहिलं. तुमच्या पहिल्या पत्रावरून, अकरा ऑगस्टलाच. नाव बदलायला हवं हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण ‘चैताली’ वाचायला गोड वाटत होतं. झाकून ठेवलंय असं तुम्ही त्याच पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. आणि तेव्हा तर ती हसायलाही लागली नव्हती. तेही मी लिहून टाकलं. लहानशी गोष्ट म्हणाले होते ती हीच.

काढून टाका म्हणून मी रजनी मॅडमना तीनदा सांगितलं. त्या म्हणतात, हजारो लोकांनी बघितलंय, आता काढलं तर संशय येईल. आणि अजून एक. ४ ऑक्टोबरला, शनिवारी, संस्थेला मदत करणारे श्रीपाद सर भाज्याला येणार आहेत, कॅमेरा घेऊन. मला तुम्हाला मेल करायला सांगितलंय. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: ‘शक्य असल्यास बालिका श्वास रोखताना आणि नंतर शांत होताना, दोन्ही क्षण मिळावेत.’

मेल टाइप केला, पाठवला नाही. मी लोकांना श्वास शिकवते, ताई, आणि आज ऑफिसच्या बाथरूममध्ये भिंतीच्या फरशा मोजत उभी होते.

तुम्ही म्हणाल तसं.

अनुष्का


भाजे, २२ सप्टेंबर
फॉर्म क्र. ६ च्या मागं

अनुष्का,

आजपासून तुला अगं-तुगं. ज्याच्यावर रागवायचं त्याला अहो-जाहो जमत न्हाई मला.

तू हो म्हणलीस, म्हणून हे पत्र. न्हाई म्हणली असतीस तर उरलेली पाकिटं चुलीत गेली असती.

नंदाबाईला सगळं वाचून दाखवलं, ते दोन क्षणांचं वाक्य पण. ती म्हणते, लिही: येऊ द्या त्यांना. आधी फोनवरनं माझ्या नातीचा फोटो निघेल, मग पायरीवर पाय. कॅमेरा आत येणार न्हाई. ज्याला शिकायचंय त्यानं खाली बसावं, ज्याला बघायचंय त्यानं लोहगडावर जावं, तितनं सगळं दिसतं.

माझ्याकडनं एवढंच, की माझी नोकरी माझी मी बघते. तू तुझं बघ.

राजेश्वरी


भाजे, ५ ऑक्टोबर

अनुष्का,

गाडीत तू न्हवतीस. रजनी मॅडम म्हणाल्या, तू आजारी आहेस. फोनवरचा तो फोटो शुक्रवारीच निघाला, स्नेहलनं बंगल्यावरनं कळवलं. कुणी काढला विचारलं तर मॅडमनी पाण्याची बाटली उघडली.

तू न्हवतीस म्हणून सांगते. नंदाबाई उंबऱ्यात बसलेली, आठ आज्या आत. कॅमेरावाल्याला तिनं गाडीत बसवून ठेवला, वर चहा पण पाठवला. श्रीपाद सर साठीचे असतील, गुडघे धरत धरत खाली बसले. विठाबाईनं त्यांना फुंकणी दिली. त्यांनी जोर लावला आन् खोकत बसले. विठाबाई म्हणली, "साहेब, भाकरी करपंल." हसले बिचारे. मग जमलं त्यांना.

रजनी मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी चैतालीला जवळ घेतलं, चॉकलेट दिलं. तिनं कागद काढून पहिला घास घेतला, तेवढ्यात, "एक मिनिट हं बाळा," म्हणून काढून घेतलं. दुसऱ्या हातात फोन, ओढणीच्या आड.

चैतालीचं तोंड उघडलं. आवाज न्हाई.

मी उठले. नंदाबाईनं माझ्याकडं बघून मान हलवली, बस म्हणून. ती जागची उठली न्हाई. फक्त लांब श्वास सोडला. चैताली तिच्याकडं बघत होती. ओठ थरथरले, छाती एकदा वर गेली. आन् मग पोर रडली. अनुष्का, काय रडली. असा आवाज त्या पोरीचा मी कधी ऐकला न्हवता. मधे मधे श्वास घ्यायची आन् परत सुरू. बाहेर गाडीतला कॅमेरावाला उतरून बघायला आला.

मॅडम घाबरल्या, चॉकलेट परत द्यायला लागल्या, गप बस बाळा, गप बस. नंदाबाईनं उठून त्यांचं मनगट धरलं. आवाज चढवला न्हाई.

"राहू द्या बाई. चार वर्सं हिला रडू दिलं न्हाई आमी. रडू द्या पोटभर."

पाव तास रडली. मग नाक पुसलं आन् स्वतःहून आजीच्या मांडीवर जाऊन बसली. श्रीपाद सरांनी मॅडमना विचारलं, तुमच्या हातात फोन कशाला आहे? मॅडम म्हणाल्या, सहज. जाताना सर नंदाबाईच्या पाया पडले, तर ती म्हणली, गुडघ्याला जपा.

उद्या परत होईल पोरीला, न्हाई कशावरनं. झालं तर झालं. तू आजारी आहेस का खरंच?

राजेश्वरी


तळेगाव, ९ ऑक्टोबर

राजेश्वरीताई,

आजारी नाही. तो फोटो मी काढून टाकला, शुक्रवारी सकाळी, रजनी मॅडमच्या समोर बसून. त्यांनी विचारलं, कुणाला विचारून काढतेस? मी म्हटलं, कुणाला विचारून टाकला होता? त्या म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. आईला अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडते आणि तळ्यावर बसते.

आता महत्त्वाचं. श्रीपाद सरांनी ऑफिसकडे पालकांची परवानगी मागितली आहे, लेखी. तशी परवानगी कधी घेतलीच नव्हती. काल रजनी मॅडमनी मला बोलावून एक कागद पुढे केला, मागची तारीख घालून: फोटो पालकांच्या संमतीने वापरला, साक्षीदार म्हणून माझी सही. सही कर, पुढच्या महिन्यापासून परत ये, म्हणाल्या. मी केली नाही.

तो कागद आता तुमच्याकडे येईल. स्नेहलला आधी सांगून ठेवा. तिच्या मनात असेल ते तिने करावं, मी सांगणारी कोण. फक्त तिला माहीत असू दे.

अनुष्का


भाजे, १६ ऑक्टोबर

अनुष्का,

आईला सांग. डबा उन्हात खराब होतो.

काल बुधवार. रजनी मॅडम एकट्या आल्या, पेढे घेऊन. स्नेहल घरात होती. मी आन् नंदाबाई होतो, पण आमी गप बसायचं असं स्नेहलनंच बजावलं होतं. तुला सांगते, ती बाई कधी बोलत न्हाई. बंगल्यावर पण न्हाई, घरी पण न्हाई. तिची पोर कुणी सांभाळायची, तिनं नोकरी सोडायची का ठेवायची, तिच्या पोरीचा फोटो, सगळं आमीच बोलत होतो, मी धरून.

मॅडमनी कागद पुढं ठेवला. गोड बोलल्या. सही झाली की अंगणवाडीला नवीन सतरंज्या, खेळणी. न झाली तर भाज्याचं काम थांबवावं लागेल, वर कळवावं लागेल. स्नेहलनं कागद उलटून पालटून बघितला. एक जुलै तारखेवर बोट ठेवलं, म्हणली, या दिवशी मी बंगल्यावर होते, त्यांच्या हजेरीत आहे. मग पेन मागितलं.

नंदाबाईनं माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय.

सहीच्या जागी तिनं दोन ओळी लिहिल्या, सावकाश, अक्षर नीट लावून. खाली पूर्ण नाव घातलं, कालची खरी तारीख घातली. माझ्या फोनवर कागदाचा फोटो काढून घेतला, म्हणली, हा श्रीपाद सरांना पाठवायचा. मग कागद मॅडमच्या हातात दिला आन् म्हणली, मोठ्यानं वाचा, माझ्या सासूबाईंना वाचता येत न्हाई.

मॅडम उठायला लागल्या. स्नेहल दारात उभी. हटली न्हाई. शेवटी वाचलं त्यांनी.

‘मी चैतालीची आई. मला कुणीही विचारलं नव्हतं. आता विचारलं आहे, तर माझं उत्तर नाही असं आहे.’

राजेश्वरी